मुलाचा न्याय कोणत्या देशात? ताब्याच्या वादातील न्यायालयीन अधिकाराचा इतिहास

आई-वडील विभक्त झाले आणि त्यांपैकी एकजण मुलाला घेऊन दुसऱ्या देशात निघून गेला, तर मूल कोणाकडे राहावे या प्रश्नाच्या आधी दुसरा एक प्रश्न सोडवावा लागतो : हा निर्णय देण्याचा अधिकार कोणत्या देशातील न्यायालयाला आहे? वरवर पाहता हा प्रश्न वकिलांच्या टिपणवहीतला वाटतो. परंतु पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा दुसऱ्याच्या उत्तरात दडलेले असते. ज्या देशात खटला चालतो त्या देशाचा कायदा, तेथील भाषा, तेथे मिळणारे साक्षीदार आणि तेथे राहून लढण्याचा खर्च हे सारे एका पक्षाच्या बाजूने आणि दुसऱ्याच्या विरुद्ध काम करू लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, दोन देशांची न्यायालये या वादात गुंतलेली असताना मूल वाढत असते, शाळा बदलते, एक भाषा विसरते आणि दुसरी आपलीशी करते. भारतीय न्यायालयांनी गेल्या शंभराहून अधिक वर्षांत या प्रश्नाला दिलेली उत्तरे एकमेकांपासून वेगळी आहेत, पण त्या सर्वांवर एका घटकाचा दाब सारखाच दिसतो, आणि तो घटक म्हणजे काळ.

वऱ्हाडाची सरहद्द आणि १८९० चा कायदा

यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजीसारख्या तालुक्याच्या गावाला हा प्रश्न आज परदेशी वाटला, तरी या भूभागाचा कायदेशीर इतिहास पाहिला तर 'कोणते न्यायालय आपले आणि कोणते परके' हा विचार येथे नवा नाही, असे दिसून येते. १८५३ च्या तहाने हैदराबादच्या निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराखाली दिले. तेव्हापासून 'हैदराबादचे नेमून दिलेले जिल्हे' या नावाने ओळखला जाणारा हा प्रदेश ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाती होता, परंतु त्यावरील सार्वभौमत्व कागदोपत्री निजामाचेच राहिले. १९०२ च्या करारान्वये वऱ्हाड वार्षिक पंचवीस लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या पट्ट्याने ब्रिटिशांकडे आले आणि १९०३ पासून त्याचा कारभार मध्य प्रांताला जोडण्यात आला. पूर्वीचा वणी जिल्हा १९०५ च्या फेररचनेत यवतमाळ या नावाने ओळखला जाऊ लागला. तरीही वऱ्हाड तांत्रिक अर्थाने ब्रिटिश हिंदुस्थानाचा भाग झाले नव्हते, त्यामुळे कलकत्ता किंवा दिल्ली येथे झालेले कायदे येथे आपोआप लागू होत नसत. ते सरकारी अधिसूचनांद्वारे लागू करावे लागत, आणि ही विसंगती दूर करण्यासाठी १९४१ मध्ये वऱ्हाड कायदे अधिनियम करावा लागला.

या गुंतागुंतीचा न्यायालयांच्या दर्जावर झालेला परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने 'परकीय न्यायालय' या संज्ञेची जी व्याख्या केली, तीत न्यायालय ब्रिटिश हिंदुस्थानाच्या बाहेर असणे एवढी एकच कसोटी नव्हती. ते गव्हर्नर जनरलच्या अधिकाराने स्थापन झालेले नसणे हीही अट होती. त्यामुळे यवतमाळचे न्यायालय निजामाच्या सार्वभौमत्वाखालील भूमीवर असूनही परके ठरत नव्हते, तर जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहणाऱ्या पैनगंगेपलीकडचे, निजामाच्या प्रत्यक्ष अंमलाखालील आदिलाबादचे न्यायालय मात्र परके ठरत होते. दोन्ही तीरांवर मराठी बोलणारी, एकमेकांत सोयरिकी करणारी कुटुंबे असली तरी एका तीरावरील निवाडा दुसऱ्या तीरावर परकीय निवाडा म्हणून तपासला जाई. अशा निवाड्याला मान्यता देण्यासाठी संहितेच्या कलम १३ ने अटी घातल्या होत्या : निवाडा देणाऱ्या न्यायालयाला तसा अधिकार असला पाहिजे, निर्णय वादाच्या गुणदोषांवर दिलेला असला पाहिजे, तो नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वांना धरून असला पाहिजे आणि लबाडीने मिळवलेला असता कामा नये. हेच कलम आजही अमेरिकेच्या किंवा इंग्लंडच्या ताब्याच्या आदेशाला भारतात लावले जाते.

मुलांच्या बाबतीत मूळ अधिकार कोणाचा, हे १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाने ठरवले. या कायद्याच्या कलम ९ नुसार, अज्ञान व्यक्तीच्या, म्हणजे अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाच्या, देहाच्या पालकत्वाबद्दलचा अर्ज ते मूल जेथे 'सामान्यतः राहते' तेथील जिल्हा न्यायालयात करावयाचा असतो. बापाचे घर कोठे आहे, आईचे माहेर कोठे आहे किंवा मूल अर्जाच्या दिवशी योगायोगाने कोठे आहे, यापेक्षा त्याच्या नेहमीच्या राहण्याला कायद्याने महत्त्व दिले. मात्र 'सामान्यतः राहणे' म्हणजे काय, याची व्याख्या कायद्याने केली नाही. ती न्यायालयांवर सोपवली. कायदा करणाऱ्यांच्या नजरेसमोर त्या वेळी एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात नेलेले मूल असावे. समुद्र ओलांडून नेलेल्या मुलाचा प्रश्न त्यानंतर वीस-बावीस वर्षांतच या कलमापुढे आला.

मद्रास ते लंडन : १९१२ ते १९१४

तो प्रश्न आणणारा खटला थिऑसॉफिकल सोसायटीच्या अध्यक्षा ॲनी बेझंट आणि जी. नारायणय्या यांच्यातील होता. नारायणय्यांनी मार्च १९१० मध्ये एका पत्राने आपल्या दोन मुलांचे, जे. कृष्णमूर्ती आणि नित्यानंद यांचे, पालकत्व बेझंटबाईंकडे सोपवले होते, आणि १९१२ मध्ये त्या दोघांना शिक्षणासाठी इंग्लंडला घेऊन गेल्या. त्यानंतर वडिलांचे मत बदलले. मुलांवर होत असलेल्या संस्कारांबद्दल आणि सोसायटीतील काही व्यक्तींच्या सहवासाबद्दल गंभीर आक्षेप घेऊन त्यांनी मुले परत मिळण्यासाठी चिंगलपुटच्या जिल्हा न्यायालयात दावा लावला. तो पुढे मद्रास उच्च न्यायालयाकडे वर्ग झाला. नारायणय्यांची बाजू सी. पी. रामस्वामी अय्यर यांनी मांडली, तर बेझंटबाईंनी स्वतःची बाजू स्वतःच लढवली. एप्रिल १९१३ मध्ये न्यायमूर्ती बेकवेल यांनी निर्णय वडिलांच्या बाजूने दिला, मुलांना न्यायालयाचे पाल्य ठरवले आणि त्यांना वडिलांच्या स्वाधीन करण्याचा आदेश दिला. अपिलातही हा निर्णय कायम राहिला.

लंडनमधील प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे हिंदुस्थानातील अपिलांसाठीच्या त्या वेळच्या सर्वोच्च न्यायपीठाने, मे १९१४ मध्ये तो फिरवला. लॉर्ड पार्कर यांच्या निवाड्यातील मुख्य मुद्दा मुलांच्या हिताचा नव्हता, अधिकाराचा होता. मुले इंग्लंडमध्ये शिकत असल्यामुळे ती चिंगलपुट जिल्ह्यात 'सामान्यतः राहत' होती असे म्हणता येणार नाही, आणि म्हणून त्या जिल्ह्यातील न्यायालयाला कलम ९ खाली अर्ज ऐकण्याचा अधिकारच नव्हता, असा निष्कर्ष काढण्यात आला. हा प्रश्न इंग्लंडमधील उच्च न्यायालयापुढे नेता आला असता, आणि तेथे मुलांचे स्वतःचे म्हणणेही ऐकले गेले असते, याकडे प्रिव्ही कौन्सिलने लक्ष वेधले. त्याच निवाड्यात बापाने दिलेले पालकत्व तो मागे घेऊ शकतो, कारण बापाचे पालकत्व हा एक विश्वस्तभाव आहे, हेही मान्य करण्यात आले. म्हणजे तत्त्व बापाच्या बाजूने होते, पण न्यायालय चुकल्यामुळे त्याला काहीच हाती लागले नाही. निवाडा होईपर्यंत थोरला मुलगा अठरा वर्षांचा झालेला असल्यामुळे त्याच्यापुरता ताब्याचा प्रश्न अर्थहीन झाला होता. या खटल्याने घालून दिलेला धडा, न्यायालयाच्या अधिकाराचा प्रश्न आधी सुटला नाही तर मुलाचे वयच वादाचा निकाल लावते, हा पुढील शतकभर पुन्हा पुन्हा प्रत्ययास आला.

'सर्वांत निकटचा संबंध' : संधू खटला आणि पुण्यातील डिनशॉ प्रकरण

दुसऱ्या महायुद्धानंतर विमानप्रवास सुलभ झाला आणि मुलाला दुसऱ्या देशात नेणे एका रात्रीचे काम झाले. १९५१ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने कॅनडातून आलेल्या मॅकी खटल्यात असे ठरवले की, मुलाच्या ताब्याबद्दल परकीय न्यायालयाने दिलेल्या आदेशाला योग्य ते वजन द्यावे, पण तो आदेश बंधनकारक मानू नये. कारण मुलाचे हित हा विचार दर वेळी नव्याने करावयाचा असतो. कॅलिफोर्नियातील न्यायालयाने आईला दिलेला ताबा बाजूस ठेवून मुलगा ओंटारिओत बापाकडेच राहिला. कायद्याच्या अभ्यासकांना या निर्णयात दोन गोष्टी दिसल्या : मुलाला प्रत्येक देशात स्वतंत्र संरक्षण मिळते ही एक, आणि मुलाला पळवून नेणाऱ्याला नव्या देशात नवी संधी मिळते ही दुसरी. पुढचा सारा इतिहास या दोन टोकांमधील हेलकाव्यांचा आहे.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये दुसऱ्या टोकाचा धोका ओळखला. संधू खटल्यातील दांपत्य विवाहानंतर इंग्लंडमध्ये स्थायिक झाले होते. पती तेथे बसचालक, पत्नी कारकून, आणि मुलगा तेथेच जन्मलेला ब्रिटिश नागरिक होता. पत्नीच्या खुनाची सुपारी देण्याचा प्रयत्न केल्याबद्दल पतीला तेथे शिक्षा झाली होती. पत्नीने रदबदली करून त्याला परिवीक्षेवर सोडवून घेतले, आणि त्यानंतर १९८३ च्या आरंभी तो मुलाला घेऊन भारतात आला. पत्नीने इंग्लंडच्या उच्च न्यायालयाकडून मुलाला न्यायालयाचा पाल्य ठरवणारा आदेश मिळवला, परंतु पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने तिची याचिका फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा पुण्यात जन्मलेले सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी लिहिला. त्यांनी मांडलेल्या तत्त्वानुसार, ज्या देशाचा वादातील प्रश्नांशी सर्वांत निकटचा संबंध असतो त्या देशाच्या न्यायालयाला अधिकार असतो, आणि एखाद्याने मुलाला दुसरीकडे नेऊन मुद्दाम किंवा योगायोगाने निर्माण केलेल्या परिस्थितीमुळे तो अधिकार दुसऱ्या देशाकडे जात नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमातील 'बाप हा नैसर्गिक पालक' ही तरतूद मुलाच्या हितापेक्षा वरचढ ठरू शकत नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले.

दोनच वर्षांनी हे तत्त्व महाराष्ट्रातील एका घराच्या दारापर्यंत आले. डिनशॉ खटल्यातील आई अमेरिकन होती आणि वडील शिक्षणासाठी मिशिगनमध्ये गेलेले भारतीय होते. १९८२ मध्ये तेथील न्यायालयाने घटस्फोट देताना मुलाचा ताबा आईला आणि ठराविक दिवशी भेटीचा हक्क वडिलांना दिला होता. जानेवारी १९८६ मध्ये अशाच एका भेटीचा फायदा घेऊन वडिलांनी मुलाला शाळेतून घेतले, देश सोडला आणि त्याला पुण्यात आणले. आईने राज्यघटनेच्या कलम ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची याचिका केली. अटकेतील किंवा बेकायदा ताब्यातील व्यक्तीला न्यायालयापुढे हजर करण्याचा आदेश देणारी ही रिट मुलाच्या ताब्यासाठीही वापरता येते. नोव्हेंबर १९८६ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्ण एराडी यांनी दिलेल्या निवाड्यात वडिलांच्या वर्तनावर कठोर शब्दांत टीका झाली आणि मुलाला आईसह अमेरिकेला परत पाठवण्यात आले. मूल पुण्यात येऊन वर्षही झाले नव्हते, आणि ही गोष्ट निकालाच्या स्वरूपाशी फार जवळून निगडित आहे : येथे त्याची मुळे रुजण्याआधीच न्यायालय निर्णयापर्यंत पोहोचले होते.

बारा वर्षांचा काळ : जोशी विरुद्ध उंडे

याच्या उलट परिस्थिती ४ नोव्हेंबर १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढलेल्या जोशी विरुद्ध उंडे या खटल्यात होती. मराठी आडनावांच्या या खटल्यातील दांपत्याचा संसार अमेरिकेत होता. १९८३ मध्ये तेथे मुलगा जन्मला, आणि तो अवघा पस्तीस दिवसांचा असताना आई त्याला घेऊन पतीपासून वेगळी झाली. पुढे आई मुलासह भारतात आली, वडिलांनी अमेरिकेतील न्यायालयाकडून ताब्याचे आदेश मिळवले आणि वाद मुंबईच्या न्यायालयांत चालू राहिला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आईच्या विरुद्ध गेल्यानंतर ती सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हा मुलगा चौदा वर्षांचा झालेला होता आणि त्यातील सुमारे बारा वर्षे भारतात आईजवळ गेली होती.

न्यायमूर्ती एम. जगन्नाथ राव यांनी लिहिलेल्या निवाड्याने मॅकी खटल्यातील तत्त्वाकडे भारतीय कायदा पुन्हा वळवला. परकीय न्यायालयाचा आदेश हा विचारात घ्यावयाच्या अनेक बाबींपैकी एक आहे, आणि भारतातील न्यायालयाने मुलाच्या हिताचा स्वतंत्र विचार करणे हे त्याचे कर्तव्य आहे, असे त्यात म्हटले गेले. त्याच निवाड्यात पुढील काळात वारंवार उद्धृत झालेला एक भेद मांडण्यात आला : मूल आणल्यानंतर लवकरच न्यायालयापुढे प्रश्न आला तर 'संक्षिप्त चौकशी' करून मुलाला मूळ देशात परत पाठवता येते, आणि तेथील न्यायालयाने ताब्याचा निर्णय द्यावा असे म्हणता येते, परंतु बराच काळ लोटला असेल आणि मूल नव्या देशात रुजले असेल तर 'सविस्तर चौकशी' करावी लागते, म्हणजे ताब्याचा संपूर्ण प्रश्न येथेच ऐकावा लागतो. आईच्या बाजूने लागलेला हा निर्णय मुलाच्या दृष्टीने योग्य होता, कारण चौदा वर्षांच्या मुलाला ज्या माणसाला तो जवळजवळ ओळखतच नव्हता त्याच्याकडे पाठवणे क्रूरपणाचे ठरले असते. तरीही न्यायव्यवस्थेने घेतलेल्या वेळेचा भार या निर्णयात एका पालकाच्या पदरी पडला, ही गोष्टही मान्य केली पाहिजे.

हेगचा करार आणि भारताचा संकोच

ज्या वर्षांत हे खटले चालू होते त्याच काळात जगातील अनेक देश या प्रश्नाचे उत्तर करारातून शोधत होते. २५ ऑक्टोबर १९८० रोजी हेग येथे तयार झालेला आणि १ डिसेंबर १९८३ पासून अंमलात आलेला बालअपहरणाच्या दिवाणी पैलूंविषयीचा करार ताब्याचा निर्णय कोणाच्या बाजूने लागावा याबद्दल काहीच सांगत नाही. तो फक्त न्यायालय ठरवतो. सोळा वर्षांखालील मुलाला त्याच्या नित्य वास्तव्याच्या देशातून दुसऱ्या पालकाच्या हक्काचा भंग करून नेले असेल, तर त्याला लवकरात लवकर परत पाठवावे आणि ताब्याचा वाद त्या देशातील न्यायालयात चालावा, हा त्याचा गाभा आहे. अर्ज एका वर्षाच्या आत आला असेल तर परत पाठवणे हा नियम आहे. वर्ष उलटून गेले असेल आणि मूल नव्या ठिकाणी स्थिरावल्याचे सिद्ध झाले तर न्यायालय नकार देऊ शकते. परत पाठवण्यामुळे मुलाला शारीरिक किंवा मानसिक हानीचा गंभीर धोका असेल, तर तेराव्या कलमात त्यालाही अपवाद आहे. जोशी खटल्यातील संक्षिप्त आणि सविस्तर चौकशीचा भेद आणि करारातील एका वर्षाची मर्यादा या दोहोंमागे एकच जाणीव आहे, फरक इतकाच की कराराने तिला मोजता येणारी सीमा दिली.

भारताने हा करार स्वीकारलेला नाही. न्यायमूर्ती ए. आर. लक्ष्मणन यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने मार्च २००९ मधील २१८ व्या अहवालात तो स्वीकारण्याची शिफारस केली. फेब्रुवारी २०१६ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने हा प्रश्न पुन्हा आयोगाकडे पाठवल्यानंतर ऑक्टोबर २०१६ मधील २६३ व्या अहवालात आयोगाने विधेयकाचा सुधारित मसुदाही दिला. विरोधाची बाजूही दुबळी नव्हती. करार तयार झाला तेव्हा ताबा गमावलेला बाप मुलाला पळवतो असे चित्र त्याच्या कर्त्यांसमोर होते. प्रत्यक्षात पुढील दशकांत अनेक प्रकरणांत मुलाला घेऊन निघालेली व्यक्ती ही त्याचा रोजचा सांभाळ करणारी आई होती, आणि पतीच्या व्हिसावर परदेशी गेलेल्या, स्वतःचे उत्पन्न नसलेल्या, कधी मारहाण सोसलेल्या भारतीय स्त्रीला माहेरखेरीज आसरा नसतो. अशा आईला 'अपहरणकर्ती' ठरवून मुलाला परत पाठवायचे तर तिला मुलाविना राहणे किंवा त्याच घराच्या सावलीत परतणे यांतून निवड करावी लागते. न्यायमूर्ती राजेश बिंदल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने एप्रिल २०१८ मध्ये दिलेल्या अहवालात या चिंता विचारात घेऊन, असे वाद सोडवण्यासाठी देशात स्वतंत्र प्राधिकरण असावे असे सुचवले.

२००९ ते २०२२ : हेलकावे आणि त्यांतून निघालेली दिशा

कायदा नसल्यामुळे सारा भार न्यायनिर्णयांवर राहिला आणि ते एका दिशेने गेले नाहीत. नोव्हेंबर २००९ मध्ये रवी चंद्रन खटल्यात न्यायमूर्ती आर. एम. लोढा यांनी संक्षिप्त चौकशीचा मार्ग स्वीकारून मुलाला न्यूयॉर्कच्या न्यायालयाकडे परत पाठवले. त्या प्रकरणात आई मुलाला घेऊन ठिकाणे बदलत राहिल्यामुळे सीबीआयला त्याचा शोध घ्यावा लागला होता, आणि अशा रीतीने लोटलेला काळ मूल रुजल्याचा पुरावा मानता येणार नाही, असे न्यायालयाचे मत पडले. २०११ मध्ये रुची माजू खटल्यात मात्र 'सामान्यतः राहणे' हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे, आणि पालकांच्या संमतीने भारतात राहून येथील शाळेत जाणारे मूल येथेच सामान्यतः राहते, म्हणून येथील न्यायालयाला अधिकार आहे, असा निर्णय झाला. फेब्रुवारी २०१५ मध्ये सूर्य वदनन खटल्यात न्यायमूर्ती मदन लोकूर यांनी 'कोमिटी' या तत्त्वाला, म्हणजे एका देशाच्या न्यायालयाने दुसऱ्या देशाच्या न्यायालयाचा राखावयाच्या आदराला, अग्रस्थान दिले. ज्या न्यायालयाने प्रथम परिणामकारक आदेश दिला त्याला मान द्यावा, असा त्याचा आशय होता.

हे तत्त्व दोन वर्षेच टिकले. ३ जुलै २०१७ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने राघवन खटल्यात निर्णय दिला. पुण्यात जन्मलेले न्यायमूर्ती अजय खानविलकर यांनी लिहिलेल्या या निवाड्यात असे म्हटले गेले की, भारत हेग करारात सामील नसल्यामुळे परकीय आदेश आधी आला की नंतर यावरून निर्णय होऊ शकत नाही. न्यायालयांमधील आदर ही एक बाब आहे, पण मुलाचे हित हीच सर्वोच्च बाब आहे. त्या प्रकरणातील हृदयविकार असलेली लहान मुलगी दिल्लीत आईजवळच राहिली. या निवाड्याने मुलाला केंद्रस्थानी आणले, पण त्याचबरोबर प्रत्येक खटला नव्याने लढण्याचे दारही उघडे ठेवले, आणि त्यामुळे निकालाची शाश्वती कमी झाली.

त्यानंतरच्या निर्णयांत दोन्ही विचार एकत्र आणण्याचा प्रयत्न दिसतो. जानेवारी २०२० मध्ये यशिता साहू खटल्यात न्यायमूर्ती दीपक गुप्ता यांनी मुलाला आई व वडील दोघांच्याही सहवासाचा हक्क आहे यावर भर दिला, आणि प्रत्यक्ष भेट शक्य नसेल तेथे व्हिडिओ कॉलवरून नियमित बोलण्याला मुलाच्या हक्काचा भाग मानले. जानेवारी २०२२ मध्ये वसुधा सेठी खटल्यात न्यायमूर्ती अभय ओक यांनी लिहिलेल्या निवाड्यात पालकांचे वैयक्तिक हक्क आणि मुलाचे हित यांची स्पष्ट विभागणी केली गेली : आईला परदेशी राहण्याची सक्ती न्यायालय करू शकत नाही, पण मुलाचे हित परत जाण्यात असेल तर आईच्या इच्छेमुळे ते रोखताही येत नाही, तिला सोबत जायचे असेल तर त्याचा खर्च व व्यवस्था वडिलांनी करावी. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'मिरर ऑर्डर' या पद्धतीची चर्चा केली. म्हणजे मुलाला परत पाठवताना येथील न्यायालयाने घातलेल्या अटी तेथील न्यायालयानेही तशाच स्वरूपात मंजूर कराव्यात, जेणेकरून विमानतळावर उतरताच परत गेलेला पालक निराधार होणार नाही.

तालुक्याच्या गावातून पाहताना

परदेशातून परतलेल्या एखाद्या आईने आपल्या मुलासह घाटंजीच्या माहेरी राहायचे ठरवले, तर या साऱ्या इतिहासाची गाठ तिच्या एका प्रश्नाशी पडते. पालकत्वाचा अर्ज १८९० च्या कायद्याखाली यवतमाळच्या न्यायालयात करता येईल, पण त्यासाठी मूल येथे 'सामान्यतः राहते' हे दाखवावे लागेल. आणि गेल्या महिन्यात आलेल्या मुलाबद्दल तसे म्हणणे अवघड असते. दुसऱ्या बाजूला, परदेशातील पिता मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात हेबियस कॉर्पसची याचिका करू शकतो, कारण यवतमाळ जिल्हा त्या खंडपीठाच्या कक्षेत येतो. त्याने परदेशी न्यायालयाचा आदेश आणला असेल तर तो पोलिसांच्या हाती देऊन मूल घेऊन जाता येत नाही. तो दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ च्या कसोट्यांवर तपासला जाईल, मग मूल येथे किती काळ आहे, कोणत्या वयाचे आहे, परत गेल्यास धोका आहे का, हे पाहिले जाईल. मूल पुरेसे समजत्या वयाचे असेल तर त्याचे मत विचारात घेण्याची मुभा १८९० च्या कायद्यानेच दिलेली आहे. या सर्वांत आईच्या वकिलाने पहिल्या आठवड्यात कोणते न्यायालय निवडले आणि छळाचे कोणते पुरावे जपून ठेवले, यावर पुढची अनेक वर्षे अवलंबून राहतात, आणि जिल्ह्याच्या पातळीवर हा विषय क्वचितच येत असल्यामुळे असा सल्ला वेळेवर मिळणे सोपे नसते.

अमेरिकेतील राज्यांनी हाच प्रश्न आपसात सोडवताना एक साधा नियम केला : वाद सुरू होण्यापूर्वी सलग सहा महिने मूल ज्या राज्यात राहत होते तेच त्याचे गृहराज्य, आणि अधिकार तेथील न्यायालयाचा. भारताला तो नियम जसाच्या तसा घेता येणार नाही, कारण येथील अनेक आयांच्या भीतीला त्यात जागा नाही. परंतु त्यामागील शिस्त घेण्याजोगी आहे. १९१४ पासून २०२२ पर्यंतच्या निर्णयांतून एकच अनुभव पुन्हा पुन्हा पुढे येतो : न्यायालयाने लवकर निर्णय दिला तेव्हा मुलाला दोन्ही बाजूंनी न्याय देणे शक्य झाले, आणि उशीर झाला तेव्हा कोणताही निर्णय मुलाकडून काहीतरी हिरावूनच दिला गेला. म्हणून संसदेने करार स्वीकारला किंवा नाकारला तरी कायद्याने दोन गोष्टी स्वतः ठरवल्या पाहिजेत. कोणत्या देशाच्या न्यायालयाने वाद ऐकावा हा प्रश्न काही आठवड्यांच्या आत, ताब्याच्या मूळ प्रश्नापासून वेगळा काढून निकाली निघाला पाहिजे. आणि त्या निर्णयात घरातील हिंसेचा आरोप हा नंतर पाहण्याचा मुद्दा न राहता पहिल्याच सुनावणीत तपासला गेला पाहिजे. या दोन तरतुदी नसतील तोपर्यंत प्रत्येक मुलाच्या देशाचा निर्णय कायद्यापेक्षा विलंबच करत राहील, आणि ज्याच्या हितासाठी हे सारे चालते त्याचे बालपण निकालपत्राच्या तारखेआधीच संपून जाईल.